चौथ्या खिळ्यावरची तार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू ऑफिसातून निघालास, सायकल स्टँडपर्यंत गेलास, तिथल्या बाकावर बसलास आणि उठला नाहीस. मी वाचनालयात होते. तुझ्या ऑफिसातले वानखडे सांगायला आले.

दादा, त्या दिवशी शहरात मारबतींच्या मिरवणुका निघाल्या होत्या आणि महाल भागातले रस्ते बंद होते. वानखडे सायकल हातात धरून त्या गर्दीतून चालत आले होते. दारात उभे राहिले तेव्हा मी विचारलं, "दादाने काही मागवलंय का?" तू वाचनालयातून कधी काही मागवत नव्हतास, तरी मला तेच सुचलं. ते म्हणाले, "ताई, चला." मी हातातलं पुस्तक कपाटात जागेवर लावलं, कपाटाला किल्ली लावली आणि मग निघाले. ते का केलं ते मला अजून सांगता येत नाही.

आज भाऊबीज आहे. शेजारच्या काकू सकाळी डोकावून गेल्या. म्हणाल्या, "भाऊ नसला तर चंद्राले ओवाळतात वं, शालू." मी म्हटलं, वर्षाच्या आत सण कसला. तर म्हणाल्या, "चंद्राले काय सुतक?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तुला माहीत आहे. चंद्र दिसायला अजून वेळ आहे, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या ऑफिसच्या लोकांना त्यांच्या पत्रिकेच्या अंकासाठी तुझी माहिती हवी होती: जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कधीपासून. ती वानखड्यांनी लिहून दिली. मला तुझ्याशी तारांबद्दल बोलायचं आहे.

आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागे ओळीने चार खिळे आहेत आणि प्रत्येकावर पत्रं टोचायची एकेक तार. वर आकडा, खाली लाकडाची चकती. अशी तार आपल्या ओळखीच्या सगळ्या घरांत असते, पण एकच असते. पत्रं तिच्यात साचत जातात, धूळ खातात आणि कधीतरी बिऱ्हाड हलवताना कोणीतरी ती तशीच उचलून टाकतं. आपल्याकडे चार झाल्या, कारण तू ऑफिसातली पद्धत घरी आणलीस.

पहिल्या खिळ्यावर चालू वर्ष. पत्र आलं, वाचलं, उत्तर लिहिलं की त्या तारेत. दिवाळीला सगळ्या तारा एकेक खिळा पुढे सरकायच्या. तिसऱ्यावर पोचली की तू तिच्यातली पाकिटं काढून टाकायचास, पत्रांच्या लहान घड्या घालून ती दाबून बसवायचास. "जुन्यानं जागा कमी घ्यावी," म्हणायचास. आणि चौथ्या खिळ्यावरची खाली उतरायची. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आपण ती वाचायचो, आणि सकाळी ती पत्रं बंबात जायची. पहिल्या आंघोळीचं पाणी आपण इतकी वर्षं जुन्या पत्रांवर तापवलं. रिकाम्या तारेवरून तू खोबरेल तेलाचं बोट फिरवायचास, गंज धरू नये म्हणून, आणि ती पुन्हा पहिल्या खिळ्यावर लागायची.

वाचल्याशिवाय काही जाळायचं नाही हा तुझा नियम होता. ज्याच्या नावाचं पत्र त्याने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मला त्या संध्याकाळी आठवतात तेव्हा आधी अकोल्याच्या मामांचा आवाज आठवतो, जो प्रत्यक्षात तुझा होता. "इकडे सर्व क्षेम आहे," असं लिहून मामा पुढे चार पानं कोणाचं कसं क्षेम नाही ते सांगायचे. तू ते गंभीरपणे, मामांसारखा घसा खाकरत वाचायचास. ज्यांच्या आजारपणाने मामांची झोप उडालेली असायची ती माणसं एव्हाना बरी होऊन तीर्थयात्रा करून आलेली असायची. ज्याच्या बारशाचं आमंत्रण असायचं ते पोर एव्हाना शाळेत जायला रडत असायचं. "पाहा," तू म्हणायचास, "किती घाबरलो होतो आपण." चार वर्षांपूर्वीची काळजी एकदा मोठ्याने वाचली की तिच्यात दम राहत नाही, हे मला तुझ्यामुळे कळलं.

पण ही पद्धत मला मान्य होती असं समजू नकोस. आपलं भांडण मिटलेलं नाही.

मी वाचनालयातली. आमच्याकडे एकदा नोंद झालेलं पुस्तक जात नाही. पानं सुटली तर शिवायचं, पाठ गेली तर पुठ्ठा लावायचा, कोणी वाचत नसेल तर वरच्या फळीवर ठेवायचं. तू टपालाच्या सॉर्टिंगमधला. तुमच्याकडे कुठली थैली कुठल्या गाडीने आली, सील शाबूत होतं की नाही, पुढे कुठे गेली, हे सगळं प्रत्येक टेबलावरच्या रजिस्टरात उतरायचं. महिना संपला की ते रजिस्टर तुझ्या रेकॉर्डच्या खोलीत, पहिल्या फळीवर. आधीची सगळी एकेक फळी पुढे. शेवटच्या फळीवरची मुदत भरली की रद्दी. कोणाची तक्रार आली, माझं पत्र पोचलं नाही, माझं पार्सल कुठे अडलं, तर ती त्या मुदतीत यायला हवी. नंतर विचारायला आलात तर उत्तर देणारा कागदच नाही.

"हे भयंकर आहे," मी म्हणायची.

"काहून वं? चार वर्षांनी कोणाले पायजे रामटेकच्या थैलीचं सील?"

"कोणाला तरी हवं असेल."

"तो कोणीतरी तुमच्या लायब्ररीतच येऊन बसते," तू म्हणायचास. "म्हणून तुमच्याकडे वाळवी लागते. आमच्याकडे वाळवीले वेळच नाही भेटत."

एका नव्या साहेबांनी माझ्या मताचा हुकूम काढला तेव्हा मला आनंद झाला होता, हे तुला ठाऊक आहे. काहीही रद्दीत द्यायचं नाही, पुढच्या आदेशापर्यंत सगळं ठेवायचं. मी तुला म्हटलं, बघ, शहाणी माणसं आहेत अजून. त्या वर्षी आधी तुझी खोली भरली. मग दाराबाहेर गठ्ठे आले, मग जिन्याखाली, मग थैल्या उघडायच्या जागेच्या कडेकडेने. पावसाळ्यात एका दिवशी मेलगाडीच्या थैल्या ठेवायला जमीनच उरली नाही, आणि आलेलं टपाल उघड्या फलाटावर ताडपत्रीखाली पडून राहिलं. त्या दिवशी तू घरी येऊन हातपाय धुतलेस आणि जेवताना एवढंच म्हणालास, "आज एकाही माणसाचं पत्र निघालं नाही. सगळी जुनी पत्रं सुखरूप आहेत." तू आवाज चढवला असतास तर बरं झालं असतं.

तरीही आईच्या कार्डांच्या वेळी मी भांडलेच. आई गावी होती तोवर तिचं कार्ड यायचं. अक्षर शेजारच्या मास्तरांचं, बोलणं तिचं. ती गेली त्या वर्षीची तार सरकत सरकत चौथ्या खिळ्यावर आली, आणि मी म्हटलं, ही नाही. तू म्हणालास, "वाच तर आधी." मी वाचायला लागले. "शालूस सांगणे की कढीत हिंग आधी घालावा, मागाहून नाही, ती ऐकत नाही." मास्तरांनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. वाचता वाचता मी हसले, तू हसलास. सकाळी तू कार्डं बंबात घातलीस. माझ्या डोक्यावर पहिला तांब्या ओतलास आणि म्हणालास, "आईनं पाणी तापवलं." मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. पण त्यातली बरीच वाक्यं मला अजून पाठ आहेत, आणि वाचनालयात जपून ठेवलेल्या किती पुस्तकांबद्दल मी असं म्हणू शकेन, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

भांडणात तू जिंकलास असं मी म्हणणार नाही. आत्ता तर नाहीच.

वानखड्यांचा तो घोटाळा आठवतो? तो मी तुझ्याकडून ऐकला, त्यांच्याकडून ऐकला, आणि दोघं एकमेकांना दोष देताना तर दर होळीला ऐकला. महिना बदलला होता. तू नेहमीप्रमाणे टेबलाटेबलावर नवं रजिस्टर ठेवलंस, जुन्याच्या पाठीवर महिन्याची चिठ्ठी चिकटवलीस. वानखड्यांच्या टेबलावर गर्दी होती. ते म्हणाले, ठेवून जा गा भाऊ, मी पाठवतो. तू ठेवून गेलास. आणि ते आपल्या कोपराखालचं, हाताच्या सवयीचं जुनं रजिस्टर पुढे लिहीतच राहिले. नवं तसंच शेजारी, कोरं. पुढे कोणाच्या तरी हरवलेल्या पार्सलची चौकशी आली तेव्हा साहेबांनी नव्या महिन्याचं रजिस्टर उघडलं, आणि त्यात एक अक्षर नाही. जणू त्या टेबलावर टपाल यायचंच थांबलं होतं. सगळं लिहिलेलं होतं, नीट होतं, पण भलत्या महिन्याच्या नावाखाली, जिथे कोणी शोधणार नव्हतं.

"मले काय माहीत जी," वानखडे मला सांगायचे, "माझा पेन चालून राहिला होता. पेन चालते म्हणजे बरोबरच चालते, असं वाटते माणसाले."

त्यानंतर तू टेबलापाशी नुसतं ठेवून येणं बंद केलंस. महिना बदलला की प्रत्येकाच्या शेजारी उभा राहायचास. "जुनं मिटा. नवं उघडा." आणि नव्या पानावर पहिली ओळ उतरेपर्यंत हलायचा नाहीस. गाडी आलेली असो, साहेब हाका मारत असोत. सगळे तुला चिडवायचे. वानखडे तर आपल्या धाकट्या मुलीच्या लग्नात, वऱ्हाड जेवून उठलं आणि दुसरी पंगत बसायची होती, तेव्हा तुझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "जुनं मिटा, नवं उघडा." मांडवातलं निम्मं ऑफिस हसलं. तू पण हसलास. तू असा दात दिसेपर्यंत हसायचास ते फार थोडे लोक पाहू शकले.

आता इटारसीबद्दल.

वहिनी गेल्या तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. घर तू आणि मी मिळून चालवायला लागलो. माझ्यासाठी स्थळं येत होती. मी नाही म्हणत गेले, आणि पुढे ती यायची थांबली. आपण त्याबद्दल बोललो नाही. आपण बोलायचो त्या गोष्टींची यादी मोठी होती: पुस्तकं, पाऊस, कढी, मामा. ही गोष्ट त्या यादीत नव्हती. मग तुझी इटारसीला बदली झाली आणि पहिल्यांदाच तुला मला पत्रं लिहावी लागली. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना लिहीत नाहीत. तुझ्या हातची माझ्या नावाची पत्रं फक्त त्या एका वर्षातली.

बहुतेक पोस्टकार्डंच. टॉवेल पाठव, डाळ शिजत नाही, इथल्या पाण्यात काहीतरी आहे. ती इथल्या तुझ्याच ऑफिसातून पुढे यायची, आणि पोस्टमनच्या आदल्या संध्याकाळी वानखडे घरावरून जाताना सायकलवरूनच सांगायचे, "ताई, उद्या पत्र येते तुमचं. वाचलं नाही मी, अक्षर पाहिलं फक्त." आणि दोन पावलं पुढे जाऊन, "डाळीत थोडा सोडा टाकायला सांगा त्याईले."

म्हणून तू एकदाच अंतर्देशीय पत्र लिहिलंस, चिकटवून. "हे बंद अशासाठी की वानखडे कार्ड वाचतो," अशी सुरुवात होती. पुढे तू लिहिलं होतंस की इथे एकटा स्वयंपाक करताना तुझा विचार येतो. आणि मग विचारलं होतंस: "शालू, तू माझ्यासाठी थांबलीस का? खरं सांग. कार्डावर लिहू नकोस."

मी तुला टॉवेल पाठवला. डाळीचं लिहिलं. या प्रश्नाचं लिहिलं नाही.

तू परत आलास आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. पण तारा सरकत होत्या. इटारसीची तार दुसऱ्या खिळ्यावर गेली, मग तिसऱ्यावर. तिसऱ्यावर गेली तेव्हा तू पाकिटं काढलीस, घड्या घातल्यास, आणि तारेच्या टोकाला लाल कागदाची एक चिठ्ठी टोचलीस. ऑफिसात तुम्ही चौकशी बाकी असलेल्या गठ्ठ्याला लावायचा तशी. अशा गठ्ठ्याची मुदत भरली तरी तो रद्दीत देता येत नाही. उत्तर गेल्यावरच देता येतो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, मी तुझ्याकडे पाहिलं नाही. पण मला कळलं. तू मला पुन्हा विचारणार नव्हतास, तू नुसता वाट बघणार होतास. यंदाच्या दिवाळीला ती तार आपोआप खाली उतरणार होती, आणि ज्याच्या नावाचं पत्र त्याने मोठ्याने वाचायचं असल्यामुळे तुझा प्रश्न मलाच तुझ्यासमोर वाचावा लागणार होता. त्यानंतर गप्प बसणं मला जमलं नसतं. तुझ्यासारखा धीराचा माणूस मी पाहिला नाही, दादा. आणि खरं सांगायचं तर मीही त्या संध्याकाळसाठी थांबले होते. चौथ्या खिळ्याकडे बघून मनात उत्तर लावून पाहत होते.

मग पोळा झाला.

त्यानंतर मी नातेवाइकांना कार्डं लिहिली. तुझ्या जाण्याची बातमी असलेली ती कार्डं ज्यांना मिळाली त्यांनी वाचून लगेच फाडली असतील. तशीच रीत आहे, ते कार्ड कोणी घरात ठेवत नाही. त्या एका ओळीला एका दिवसाचीही मुदत नाही. मग त्यांची सांत्वनाची पत्रं आली आणि मी ती पहिल्या खिळ्यावर टोचत गेले. मामांनी या वेळी सर्व क्षेम असं लिहिलं नाही. एकच पान लिहिलं.

बाकी मी पूर्वीसारखीच वागत होते. वर्तमानपत्राचं आतलं पान तुझ्यासाठी वेगळं काढत होते. संध्याकाळी घरी आले की आज कोणी कुठलं पुस्तक फाडून आणलं ते दार उघडता उघडता सांगायला लागत होते. तुझं दिवसकार्य झाल्यावर एका रविवारी वानखडे आले. मी चहा आणला. त्यांनी ट्रेकडे पाहिलं.

"तिसरा कप कोणाचा जी, ताई?"

त्यांनी आपला कप उचलला, बशीत थोडा ओतला, फुंकर मारली. मग म्हणाले, "तुम्ही बी जुन्यातच लिहून राहिल्या, ताई."

त्यांना वाईट वाटलं असावं, कारण लगेच चिवड्याची चौकशी केली. पण ते बरोबर होतं. माझा पेन चालत होता. सगळं नीट उतरत होतं, आणि भलत्या नावाखाली.

दिवाळी जवळ आली तसा मला चौथा खिळा दिसायला लागला. तू आपल्यामागे मला मोठ्या पेचात ठेवलंस, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. उत्तर दिलं तर चौकशी संपते, लाल चिठ्ठी निघते, आणि तुझ्या हातची जगातली सगळी पत्रं बंबात जातात. उत्तर दिलं नाही तर तुझ्याच नियमाने ती तार तिथे राहते. कायमची. त्यासाठी मला नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं मला चांगलं जमतं.

काकूंना मी अर्धवट सांगितलं. त्यांनी दारामागे जाऊन तारांकडे पाहिलं. "राहू दे वं," म्हणाल्या, "पत्रं काय खायला मागतात?" मी म्हटलं, दादाचा नियम होता. "नियम त्याचा होता. घर आता तुझं आहे." त्या चांगल्या मनाने बोलल्या, पण शेवटचं वाक्य मला दिवसभर पुरलं.

आणखी एक अडचण होती. वाचणारा एक लागतो, ऐकणारा एक लागतो. मी वानखड्यांना बोलावलं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ते आले. पणत्या नव्हत्या, फराळ नव्हता. मी तार उतरवली आणि चटईवर बसले. ते भिंतीला टेकून बसले, टोपी गुडघ्यावर.

मी पहिलं कार्ड वाचायला घेतलं. "टॉवेल..."

"निळ्या काठाचा पाठव," वानखडे म्हणाले.

मी वर पाहिलं. ते ओशाळले. "अक्षर पाहता पाहता वाचलं जाते, ताई."

दुसरं घेतलं. त्यांना तेही येत होतं. तिसऱ्याला आम्ही दोघंही एकदम म्हणालो, डाळ शिजत नाही. मी पोळ्यानंतर पहिल्यांदा हसले. दादा, तुझी सगळी कार्डं त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. एका कार्डात तू लिहिलं होतंस की इटारसीच्या रेकॉर्डच्या खोलीत उंदीर आहेत आणि ते नियमाने खातात, सगळ्यात जुन्यापासून. "हे माझ्यासाठी लिहिलं होतं," वानखडे म्हणाले, "तुमच्या कार्डावर." आणि डोळे पुसले.

मग ते अंतर्देशीय हाताला लागलं. मी घडी उघडली तशी त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठले.

"बसा ना," मी म्हटलं. "ऐकणारा लागतो."

"हे बंद होतं," ते म्हणाले. "हे मी नाही ऐकत." चपला घालताना दाराकडे तोंड करून म्हणाले, "ज्याले ऐकायचं आहे तो ऐकते, ताई." आणि गेले.

मी ते मोठ्याने वाचलं. पूर्ण वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत. शेजारी काकूंच्या घरी अनारसे तळत होते त्याचा वास येत होता. मी पत्र मांडीवर ठेवलं. तार तशीच परत खिळ्यावर अडकवता आली असती. कोणाला कळलं नसतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तू येत होतास, वानखड्यांच्या टेबलाशी उभा, पहिली ओळ उतरेपर्यंत न हलणारा. तीन वर्षं तू तसा माझ्या शेजारी उभा होतास.

नाही, दादा. तुझ्यासाठी नाही थांबले.

पहिलं वर्षभर कदाचित तुझ्यासाठी असेल. वहिनींच्या मागे तू नीट जेवत नव्हतास. पण नंतर माझ्यासाठी. मला हे घर आवडायचं. संध्याकाळी तू सुतळीच्या गाठी सोडवत बसायचास, कारण गाठ कापायची नाही हाही तुझा एक नियम, आणि मी दिव्याखाली वाचत बसायची. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. मग तू विचारायचास, "काय लिहिते तो?" आणि मी सांगायची. स्थळं बघायला यायची तेव्हा मी त्या माणसांकडे बघून एवढाच विचार करायची की हा 'काय लिहिते तो?' असं विचारेल का. विचारणारा कोणी आला नाही. मला कमी पडलं नाही.

मग तेव्हाच का नाही लिहिलं? 'हो' असं लिहिलं असतं तर तू ते ओझं जन्मभर वाहिलं असतंस. आणि 'नाही' असं लिहिलं असतं तर, मला वाटलं, मी तुझ्यासाठी काही सोडलं असं समजून तू मला जो मान देत होतास तो जाईल. आधी मला वाढायचास आणि मग स्वतःला घ्यायचास, तो मान. तो मला आवडत होता. म्हणून गप्प राहिले. आता वाटतं, मान तसाच राहिला असता, आणि तुझी काळजी तीन वर्षं आधी मिटली असती.

हे सगळं मी त्या संध्याकाळी मोठ्याने बोलले. भिंतीपलीकडे काकूंना ऐकू गेलं असेल. त्या थोड्या वेळाने वाटीभर अनारसे दारात ठेवून गेल्या.

मी लाल चिठ्ठी काढली.

पहाटे बंब पेटवला. उटणं नव्हतं, रांगोळी नव्हती. आधी कार्डं घातली, मग अंतर्देशीय. निळा कागद आधी तपकिरी होतो आणि मग जातो. पाणी तापलं. पहिला तांब्या मी माझ्या हाताने ओतून घेतला आणि आईच्या वेळचं तुझं वाक्य म्हणायचं ठरवलं होतं, ते म्हणवलं नाही. पाणी मात्र चांगलं कढत होतं.

मग तारा सरकवल्या. तिसऱ्यावरची चौथ्यावर, दुसरीची पाकिटं काढून ती तिसऱ्यावर, सांत्वनाची पत्रं दुसऱ्यावर. दर दिवाळीला तीही एकेक खिळा पुढे जातील, आणि एका संध्याकाळी मी मामांचं एक पानी पत्र वाचेन आणि पाहीन की त्यात किती दम उरला आहे. रिकाम्या तारेवरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं.

काकूंनी बाहेरून हाक मारली आहे. चंद्र दिसतो आहे म्हणतात. जाऊन येते.

दारामागे चार खिळे आहेत. पहिल्यावरची तार रिकामी आहे. बाकीच्या तिन्हींत तुझं एकही पत्र नाही. ती सगळी वर्षं तू घरी होतास.